बिनपगारी रजा की राजीनामा?

गेल्या रविवारी पार्कातल्या आमच्या कट्ट्यावर माझा आवाज जरा चढला. घरी आल्यावर सौ.ने ऐकवलंच, "निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, अजून वर्गावर असल्यासारखे काय ओरडता?" चढला खरा. पण कारणही तसंच होतं. माझा सिडनीचा भाचा आला होता आणि आम्हा म्हाताऱ्यांना उभ्या उभ्या सल्ला देत होता, "मामा, इंडियाला जाताना हेल्थ इन्शुरन्स सरळ कॅन्सल करायचा. परत आलं की नवा घ्यायचा. सिंपल!" सगळे माना डोलवत होते. फक्त नानांनी मान हलवली नाही. ते गुडघा चोळत बसून राहिले.

(नाना हे त्यांचं खरं नाव नव्हे. पण लिहायची परवानगी त्यांनीच दिली आहे. "लिहा मास्तर, निदान दुसऱ्यांचं तरी वाचेल," असं म्हणाले.)

तिथे रागाच्या भरात जे नीट सांगता आलं नाही, ते इथे सांगतो.

पुण्या-सांगलीच्या मंडळींसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. ऑस्ट्रेलियात १९८४ पासून मेडिकेअर आहे. करातून चालतं, सरकारी रुग्णालयात फुकट उपचार मिळतात, आणि खरोखर चांगले मिळतात. हार्ट अटॅक आला तर तुमच्या खिशात काय आहे हे कोणी विचारत नाही. पण जे दुखणं जिवावरचं नाही, नुसतं जगणं नकोसं करणारं आहे, त्याला रांग आहे. गुडघा बदलण्याचं ऑपरेशन बहुतेक वेळा सगळ्यात कमी निकडीच्या गटात बसतं. त्या गटासाठी ३६५ दिवसांच्या आत ऑपरेशन व्हावं अशी शिफारस असते, आणि ती पाळली जातेच असंही नाही. ही रांग टाळायची तर खाजगी आरोग्य विमा. त्यात गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ आणि बेसिक अशा चार पायऱ्या. मोतीबिंदू आणि सांधेबदल, म्हणजे नेमकी म्हातारपणाची दुखणी, गोल्डमध्ये. (काही सिल्व्हर प्लस पॉलिसींतही सापडतात, पण शोधावं लागतं.) आम्हा दोघांचा हप्ता महिन्याला पाचशे डॉलरच्या पुढे जातो. माझं निवृत्तिवेतन रुपयांत येतं, तेव्हा हा आकडा मला कसा टोचत असेल ते तुम्ही समजून घ्या.

आता आमच्यासारखी आजी-आजोबा मंडळी जूनमध्ये इथली थंडी सुरू झाली की भारतात पळतात आणि गणपती-दसरा करून परत येतात. चार-पाच महिने. या काळात इथला विमा तिथे एका क्रोसिनचेही पैसे देत नाही. मेडिकेअरचे काही देशांशी परस्पर करार आहेत, इंग्लंड, न्यूझीलंड, इटली वगैरे, पण भारताशी नाही. तिकडे जाताना प्रवासाचा विमा वेगळा काढावा लागतो तो लागतोच. मग प्रश्न अगदी रास्त आहे की ज्या काळात काडीचा उपयोग नाही त्या काळाचे दोन हजार डॉलर का भरायचे? रुपयांत लाखाच्या वर रक्कम होते ही. भाच्याचा प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर चुकलं, आणि ज्या ठसक्यात तो ते सांगत होता त्याचा मला राग आला.

कारण कॅन्सल करणं आणि पूर्ण हप्ते भरत राहणं यांच्या मधला एक रस्ता आहे. पॉलिसी तहकूब करायची. जाताना सांगायचं की अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत मी देशाबाहेर आहे. तेवढे दिवस हप्ता नाही आणि संरक्षणही नाही. परत आलात की पॉलिसी जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू. इंग्रजीत याला म्हणतात सस्पेंड.

आणि इथेच घोटाळा होतो! सस्पेंड हा शब्द आम्ही आयुष्यभर कशासाठी ऐकला? निलंबनासाठी. अमक्या मास्तरांना सस्पेंड केलं म्हटलं की स्टाफरूममध्ये सुतकी शांतता पसरायची. नाना सांगलीत सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. गेल्या वर्षी जूनमध्ये जाताना मुलाने त्यांना ओझरतं सांगितलं होतं, "बाबा, कॅन्सल नको, सस्पेंड करून टाका." नानांना वाटलं, हे काहीतरी बालंट. पुढे आपल्या नावावर ठपका राहायचा. त्यापेक्षा हिशेब चुकता करून मानाने बाहेर पडावं. त्यांनी फोन केला आणि कॅन्सल केलं. सात मिनिटांत काम झालं. पलीकडच्या मुलीने अत्यंत गोड आवाजात विचारलं, "आणखी काही मदत करू का?"

मंडळी, या सात मिनिटांवर मला बोलायचंय.

नाना-नानींचा विमा सहा वर्षांचा होता. सहा वर्षं बिनचूक हप्ते. त्या मुलीच्या समोरच्या पडद्यावर ते दिसत असणार. नानांनी कारणही सांगितलं होतं की भारतात चाललोय, नोव्हेंबरात येतो. तरी "अहो आजोबा, रद्द कशाला करता, तहकूब करा की" हे एक वाक्य तिच्या तोंडून आलं नाही. मुलीला दोष देत नाही, तिला जे शिकवलं असेल तेवढं ती बोलणार. पण ज्यांनी शिकवलं त्यांना मी विचारतो. गिऱ्हाईक सोडून चाललंय म्हटल्यावर एरवी तुम्ही सवलती घेऊन मागे धावता. मग जो माणूस सोडून जाऊच इच्छित नाही, त्याला दार का दाखवता?

नाना सांगलीला गेले. ऑगस्टमध्ये वाड्याचा जिना चढताना गुडघा सुजला. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, गोळ्या दिल्या, नानांनी शेकशेगडी केली. नोव्हेंबरात परत आले आणि भाच्याच्याच न्यायाने नवा विमा घेतला. तीच पायरी, जवळजवळ तोच हप्ता. जानेवारीत इथल्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गुडघा बदलायला हवा. आणि मग विमा कंपनीचं पत्र आलं.

नव्या सभासदाला आधीपासून असलेल्या दुखण्यासाठी बारा महिने थांबावं लागतं. कायद्याने कंपन्यांना तेवढी कमाल मुभा दिली आहे. आणि "आधीपासून असलेलं" म्हणजे काय, तर विमा घेण्याच्या आधीच्या सहा महिन्यांत ज्याची चिन्हं किंवा लक्षणं होती ते. ठरवतो कंपनीने नेमलेला डॉक्टर. नानांनी सरळ माणसासारखा सांगलीचा एक्स-रे इथल्या डॉक्टरांना दाखवला होता. त्यावर ऑगस्टची तारीख. पिवळ्या पाकिटातला तो एक्स-रेच त्यांच्याविरुद्ध साक्षीदार झाला.

तहकूब केलं असतं तर? सहा वर्षांपूर्वीच भरून झालेला थांबण्याचा काळ तसाच जमेला राहिला असता, आणि फेब्रुवारीत गुडघा बदलून मोकळे झाले असते.

आता भाच्याचा हुकमी एक्का. तो म्हणाला, "मामा, १०९४ दिवस मोकळे असतात. सरकारच म्हणतं. चार महिन्यांनी काही होत नाही." अर्धवट वाचून परीक्षेला बसलेल्या मुलाचं हे उत्तर आहे. ही चूक मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकली आहे की फळ्यावर लिहून सांगावंसं वाटतं.

हजेरीपट एक नाही, दोन आहेत. एक सरकारचा आणि एक कंपनीचा. सरकारचा पट म्हणजे लाइफटाइम हेल्थ कव्हर. हा १ जुलै २००० पासून सुरू झाला. तिशीनंतर जितकी वर्षं उशिरा हॉस्पिटलचा विमा घ्याल, तितक्या वर्षांचे दरसाल दोन टक्के हप्त्यावर अधिभार, जास्तीत जास्त सत्तर टक्के, आणि तो सलग दहा वर्षं भरल्यावरच सुटतो. बाहेरून आलेल्यांना मेडिकेअरमध्ये नाव नोंदल्यापासून वर्षभराची सवड असते. मी आलो २०१६ मध्ये, सहासष्टाव्या वर्षी. सहासष्टातून तीस गेले छत्तीस, दुणे बहात्तर. म्हणजे वर्ष उलटू दिलं असतं तर कमाल सत्तर टक्के माझ्या डोक्यावर बसले असते! मुलाने वेळेत विमा काढला म्हणून वाचलो. (१ जुलै १९३४ ला किंवा त्याआधी जन्मलेल्यांना यातून माफी आहे. त्या हिशेबाने मी अजून बालवाडीत.) या पटावर १०९४ दिवसांची गैरहजेरी चालते, हे खरं. पण ते दिवस सगळ्या आयुष्याचे मिळून आहेत, दर खेपेचे नाहीत. दरवर्षी १२० दिवस कॅन्सल करत गेलात तर नऊ वर्षांत १०८० संपले. कंपनीच्या संमतीने तहकूब केलेले दिवस मात्र त्यातून वजा होत नाहीत.

दुसरा पट कंपनीचा, थांबण्याच्या काळाचा. त्याला तुमच्या १०९४ दिवसांशी काही देणंघेणं नाही. नानांना अधिभार एक पैशाचा लागला नाही. भाचा म्हणतो ते त्या पटावर बरोबरच आहे! पण गुडघा अडला तो दुसऱ्या पटावर.

माझ्या शिक्षक मित्रांना हे एका शब्दात कळेल. सेवाखंड. आपल्यापैकी कोण असा आहे ज्याने बाळंतपणात, आजारपणात, बी.एड. करताना बिनपगारी रजा काढली नाही? पगार नसायचा, पण नाव पटावर असायचं. वेतनवाढीची तारीख फार तर पुढे सरकायची, आधीची सेवा बुडत नसे. आणि रागाच्या भरात राजीनामा देऊन चार महिन्यांनी त्याच शाळेत परत लागलेले आमचे एक चित्रकलेचे शिक्षक होते. मधल्या खंडापायी निवृत्तीच्या वेळी त्यांनी जे हेलपाटे घातले, ते आठवून अजून अंगावर काटा येतो. तेच हात, तोच फळा, तेच रंग, पण सेवापुस्तकात भलं मोठं भगदाड. पॉलिसी तहकूब करणं ही बिनपगारी रजा आहे आणि कॅन्सल करणं हा राजीनामा. पगार दोन्हीत नाही म्हणून दोन्ही सारखेच, असं हेडक्लार्कला कोणी सांगितलं असतं तर त्यानेच हसून बाहेर काढलं असतं. आणि नाना हेडक्लार्क होते! शब्दाने घात केला.

कंपन्यांनी वाट बघायला लावणं मुळातच अन्याय आहे असं कट्ट्यावर एकाने म्हटलं. मला ते पटत नाही. इथे म्हाताऱ्याला म्हातारा म्हणून आणि आजाऱ्याला आजारी म्हणून जास्त हप्ता लावता येत नाही. वर सांगितलेला अधिभार सोडला तर त्याच पॉलिसीला तिशीतला आणि सत्तरीतला सारखाच पैसा भरतो. ही फार मोठी गोष्ट आहे. अशा व्यवस्थेत दुखायला लागल्यावर आत यायचं आणि काम झाल्यावर बाहेर पडायचं असं सगळ्यांनी केलं तर ती बुडेल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी विमा असलेल्यांचं प्रमाण घसरत साधारण तीस टक्क्यांवर आलं होतं, म्हणून तर २००० चा नियम आला. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर नाव घालणाऱ्या मुलाला मीही बसू दिलं नसतं. पण नाना तसे नव्हते. सहा वर्षं रोज हजर असलेला मुलगा गावी आजीकडे गेला आणि परत आल्यावर त्याला "तू नवा" म्हणणं, हे वेगळं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की तहकुबी हा हक्क असायला हवा. आज तो तसा नाही. दरेक कंपनीचा नियम निराळा. कमीत कमी किती दिवस बाहेर पाहिजे, जास्तीत जास्त किती, दोन रजांच्या मध्ये किती अंतर, पैशाच्या अडचणीपायी देतात की नाही, सगळं त्यांच्या नियमावलीत कुठेतरी आत. हप्त्यांची वाढ दरवर्षी मंत्र्यांच्या मंजुरीने ठरते. एवढं बारीक लक्ष सरकार घालतं, तर रजेचा एक समान नियम करायला काय जड आहे? आणि फोनवर "कॅन्सल" हा शब्द ऐकला की "तहकूब करता येईल" हे सांगणं सक्तीचं करा. एक वाक्य. तक्रार न्यायची तर कॉमनवेल्थ ओम्बुड्समनकडे नेता येते, नानांच्या मुलाने नेली आहे, पण त्यात कंपनीने नियम कुठे मोडला असं विचारलं तर उत्तर "कुठेच नाही" असंच येणार. दुखणं तेच आहे.

भाचा म्हणेल, मामा कंपन्यांची जाहिरात करतोय. मुळीच नाही. ज्याला खाजगी विमा नकोच आहे, मेडिकेअरवर विश्वास आहे आणि रांगेत उभं राहायची तयारी आहे, त्याने खुशाल कॅन्सल करावं. मला अशा माणसांचा आदर आहे. पण परत येऊन पुन्हा घेणार हे माहीत असताना कॅन्सल करणं ही बचत नव्हे. आपल्याच सहा वर्षांना रद्दीच्या भावाने विकणं आहे ते.

तहकुबीतही खाचखळगे आहेत, ते लपवत नाही. पहिल्या वर्षी मी स्वतःच बावळटपणा केला. असं काही असतं हेच माहीत नव्हतं, चार महिन्यांचे पूर्ण हप्ते भरले. आता शहाणा झालोय. बहुतेक ठिकाणी अर्ज निघण्याआधी करावा लागतो आणि निघण्याच्या दिवसापर्यंतचे हप्ते भरलेले असावे लागतात. परत आल्याचा पुरावा मागतात. ऑस्ट्रेलिया आता पासपोर्टवर सहसा शिक्का मारत नाही, तेव्हा बोर्डिंग पास जपून ठेवा. (आमची ही ते कुंकवाच्या डबीखाली ठेवते.) परत आल्यावर ठरावीक मुदतीत पॉलिसी पुन्हा सुरू केली नाही तर ती कायमची बंद होऊ शकते. जेटलॅगमध्ये तारीख हुकते, म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयात लाल गोल. तहकुबीच्या दिवसांत इथे घाईने परतून हॉस्पिटलात दाखल झालात तर मिळणार काही नाही. कमावत्या मुला-सुनांनी आणखी एक ध्यानात ठेवावं, ज्यांचं उत्पन्न मर्यादेच्या वर आहे त्यांना हॉस्पिटलचा विमा नसलेल्या दिवसांचा मेडिकेअर लेव्ही सरचार्ज लागतो, एक ते दीड टक्का, आणि तहकुबीचे दिवस त्यात विम्याविना धरले जातात. आम्हा निवृत्तांना त्याची झळ नाही, भाच्याला आहे. त्याने तो हिशेब केलेला नाही हे मी पैजेवर सांगतो.

पुण्याच्या ताईचा परवा फोन आला होता. तिला हे सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "मग मीही माझं मेडिक्लेम चार महिने थांबवते, तुझ्याकडे येते तेव्हा." म्हणून मुद्दाम लिहितो. ताई, नको! हा नियम इथला. तिकडे वर्षाचा हप्ता एकदम भरायचा आणि नूतनीकरणाची तारीख चुकू द्यायची नाही. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवड आहे, ती टळली की आधीच्या आजारांसाठी थांबण्याचा काळ पुन्हा पहिल्यापासून. २०२४ पासून तो काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा केला आहे, आणि सलग पाच वर्षं झाली की फसवणूक सोडून अन्य कारणाने माहिती लपवल्याचं म्हणत दावा नाकारता येत नाही. तुझी अकरा वर्षं झाली आहेत. आमच्याकडे यायच्या आधी हप्ता भर, आणि मगच तिकीट काढ.

नानांचं पुढे काय, असं तुम्ही विचाराल. परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. जून जवळ आला. सांगलीच्या वाड्याचं छप्पर गळतंय, भाऊ बोलावतोय. मी उत्साहाने म्हटलं, "या वेळी तरी रीतसर तहकूब करून जा." तर नानांनी चष्मा लावून नियमावलीचं पान माझ्यापुढे धरलं. हेडक्लार्क तो हेडक्लार्क! बारा महिने थांबण्याचा त्यांचा काळ नोव्हेंबरात पुरा होतो. पण तहकुबीत ते घड्याळही थांबतं. चार महिने रजा घेतली तर नोव्हेंबरचा मार्च होणार. जायचं तर पूर्ण हप्ते भरत जायचं, आणि तेवढे पैसे छपरालाच लागणार आहेत.

तेव्हा नाना-नानी या वर्षी जात नाहीत. नानींनी कपाटातून जाड रजया काढून उन्हात टाकल्या होत्या.